तिसरा हूक हवेतच का जातो? पाय चुकतोय की टायमिंग?

तिसराठोसा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. बॉक्सिंग सुरू करून दीड वर्ष झालं, ऑर्थोडॉक्स उभा राहतो, म्हणजे डावा पाय पुढे. माझं आवडतं कॉम्बिनेशन एकदम साधं आहे, जॅब (पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या उजव्याचा सरळ), आणि डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा. बॅगवर तिन्ही असे बसतात की वरची साखळी खणखणते, पॅडवर पण सर खूश असतात. पण स्पारिंगला, म्हणजे पार्टनरबरोबरच्या सरावाच्या लढतीला, उभं राहिलं की सगळं बदलतं. जॅब लागतो, क्रॉस निदान गार्डवर, म्हणजे बचावाला वर धरलेल्या हातांवर, तरी पोचतो, आणि ज्याच्यावर सगळी मदार तो हूक एकतर समोरच्याच्या नाकासमोरून निघून जातो नाहीतर लागला तरी त्यात जीव नसतो, नुसती थप्पड मारल्यासारखा. आणि चुकला की मीच गरकन फिरतो, पाठ अर्धी उघडी, मग तिकडून एक खातो.

सर म्हणतात "पाय उशिरा येतोय". दहा वेळा ऐकलं असेल, पण कुठला पाय आणि कशापेक्षा उशिरा तेच डोक्यात शिरत नाहीये, आणि पायाकडे लक्ष द्यायला गेलो की हात चुकतात. परवा मोबाईल लावून व्हिडिओ काढला, त्यात दिसलं की क्रॉस मारताना माझं डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जातं आणि मागचा पाय लांब मागेच राहतो. हेच कारण असेल का?

अजून एक. नॉकआउटचे व्हिडिओ बघतो तेव्हा बऱ्याचदा तो शेवटचा ठोसा काही फार जोरात मारल्यासारखा वाटतच नाही, छोटासाच असतो, आणि समोरचा झाड तोडल्यासारखा पडतो. मी त्याच्या दुप्पट जोर लावतो आणि काहीच होत नाही. टायमिंग टायमिंग म्हणतात ते नक्की काय असतं, आणि ते शिकून येतं का?

कोपऱ्यातून_बघणारा:

व्हिडिओत दिसलं तेच दुखणं आहे. सर म्हणतायत तो पाय म्हणजे मागचा, उजवा, आणि तो उशिरा येतोय क्रॉसच्या वेळी. तू बिघाड तिसऱ्या ठोशात शोधतोयस, तो दुसऱ्यातच होऊन गेलेला असतो म्हणून सापडत नाहीये.

सावकाश बघ. जॅबबरोबर डावा पाय पुढे सरकला, समजा वीतभर. म्हणजे तुझा स्टान्स, उभं राहण्यातलं पायांचं अंतर, वीतभर लांब झाला. आता क्रॉसबरोबर उजवा पाय पण वीतभर पुढे यायला पाहिजे, चवड्यावर घासत, उचलून अजिबात नको. तो आला तर तू परत तुझ्या नेहमीच्या स्टान्समध्ये उभा, फक्त एक वीत पुढे. नाही आला तर क्रॉस पोचवायला तुला कंबरेत वाकावं लागतं, डोकं गुडघ्यापुढे जातं आणि सगळं वजन डाव्या पायाच्या पुढे सांडतं. आता क्रॉसनंतर वजन डावीकडे असतंच, म्हणून तर क्रॉसच्या पाठोपाठ डावा हूक इतका सहज निघतो, पण वजन पायावर असणं वेगळं आणि पायापुढे सांडलेलं असणं वेगळं. पायावर असेल तर चवडा दाबून टाच बाहेर फिरवता येते, कंबर उजवीकडे फिरते, वजन उजव्या पायावर परत येतं आणि हात त्या फिरण्याबरोबर ओढला जातो. सांडलेलं असेल तर तो पाय तुला पडू न देण्याच्या कामात अडकलेला असतो, फिरणार कसा? मग हात एकटाच फिरतो. तीच तुझी थप्पड.

मी पोरांना दाराचं सांगतो. डावा हूक म्हणजे धाडकन लावलेलं दार. उजवी बाजू, खांद्यापासून टाचेपर्यंत, ही बिजागरी. डावा खांदा ही दाराची कड. बिजागरी चौकटीत पक्की असेल तर दार आपटतं. तुझी बिजागरी दोन फूट मागे राहिलीय आणि तू कडेला धरून दार ढकलतोयस.

दुसरी गोष्ट टप्प्याची. जॅब आणि क्रॉस लांब पल्ल्याचे, हूक आखूड पल्ल्याचा, कोपर वाकलेलं असतं ना. बॅग जागेवर लटकलेली असते त्यामुळे तीन ठोसे एकाच जागेवरून मारता येतात. माणूस मात्र एक-दोन, म्हणजे जॅब-क्रॉस, खाल्ल्यावर अर्धं पाऊल मागे सरकतो नाहीतर मागे झुकतो. तू मात्र हूक बॅगच्याच टप्प्यावर मारतोस, म्हणून नाकासमोरून जातो. क्रॉसबरोबर मागचा पाय आला तर हे अर्धं पाऊल आपोआप भरून निघतं, आणि नाही भरलं तर हूक मारायचाच नाही, परत जॅबवर यायचं. हे मनाला पटायला मला स्वतःला फार वर्षं लागली, कॉम्बिनेशन सुरू केलं म्हणजे पूर्ण करायलाच पाहिजे असं वाटायचं.

घरी करण्यासारखं एकच सांगतो. जमिनीवर खडूने दोन रेघा मार, तुझ्या स्टान्सएवढ्या लांब. आरशासमोर हळू एक-दोन मार आणि क्रॉस पूर्ण ताणलेला असताना तिथेच थांब, पुतळ्यासारखा. खाली बघ, दोन पायांमधलं अंतर सुरुवातीला होतं तेवढंच आहे का. मग कुणाला तरी खांद्याला हलकं ढकलायला सांग, समोरून, बाजूने, मागून. एका बाजूने जरी लडखडलास तर तिथून हूक निघणार नाही. हूक मारूच नकोस आठवडाभर. फक्त एक-दोन आणि थांबणं. दोन्ही घोट्यांना स्टान्सएवढ्या लांबीची सैल दोरी बांधून चालायचा जुना प्रकार पण चांगला आहे, पाय जास्त फाकला की दोरी लगेच सांगते.

जुन्या_फायटी:

वरच्यांनी पायाचं इतकं नीट सांगितलंय की मी दुसऱ्या प्रश्नाकडे जातो, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, छोटा ठोसा आणि मोठा नॉकआउट.

८ डिसेंबर २०१२ ची मार्केझ-पॅकियाओ चौथी फाइट बघ, लास व्हेगासची. तिसऱ्या राउंडमध्ये मार्केझने पॅकियाओला पाडलं, पाचव्यात पॅकियाओने मार्केझला पाडलं, आणि सहाव्या राउंडला शेवटचे एक-दोन सेकंद उरलेले. पॅकियाओ जॅबमागून आत घुसतो आणि मार्केझचा उजवा हात आखूडसा येतो. बस. पॅकियाओ तोंडावर पडला तो उठलाच नाही. तो ठोसा स्लो करून बघितलास तर मार्केझचा हात फारसा प्रवासच करत नाही, उरलेला प्रवास पॅकियाओने स्वतः केलाय. दोन गाड्या समोरासमोर धडकतात तेव्हा दोघींचा वेग मिळून धक्का बसतो तसंच. आणि पुढे येणाऱ्या माणसाला त्या क्षणी डोकं मागे घेऊन ठोशाची धार कमी करता येत नाही, त्याचं सगळं अंग पुढे निघालेलं असतं. तू दुप्पट जोर लावतोस पण बहुतेक मागे जाणाऱ्या माणसावर, त्यातला अर्धा जोर तो जाता जाता घेऊन जातो.

आणि हे त्या एका क्षणात सुचलेलं नाही हे लक्षात घे. त्या दोघांचे आधीच्या तीन फाइटमध्ये ३६ राउंड होऊन गेले होते. पॅकियाओ आत कसा येतो, किती लांबून, पाय कुठे टाकतो, हे मार्केझच्या अंगात उतरलेलं होतं. साधारण माणसाला काहीतरी दिसल्यावर हात हलवायलाच एक पंचमांश सेकंद जातो, चांगला जॅब तेवढ्यात येऊन लागूनही जातो. म्हणजे ठोसा बघून टायमिंग साधता येत नाही. ठोशाच्या आधी जे होतं ते बघून साधतात, खांदा किंचित वर येणं, पुढच्या पायावरचं वजन हलकं होणं, श्वास, एखाद्याची ठरलेली लय. म्हणून नजर हातांवर ठेवू नकोस, छातीवर ठेव, हात आणि पाय दोन्ही कडेने दिसतात.

मला स्वतःला पायाचा क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणसाचा पुढचा पाय हवेत आहे, टेकलेला नाही, त्या क्षणी तो मागे जाऊ शकत नाही, बाजूला जाऊ शकत नाही, काहीच करू शकत नाही. पाय टेकेपर्यंत तो तिथेच आहे. तो क्षण पकडता आला तर ठोसा मध्यम ताकदीचा पण पुरतो.

न दिसलेला ठोसा हा दुसरा भाग. १ मे १९५७ ला शिकागोला शुगर रे रॉबिन्सनने जीन फुलमरला पाचव्या राउंडमध्ये एका डाव्या हूकवर झोपवला, त्या हूकला लोक आजही परिपूर्ण ठोसा म्हणतात. त्याच वर्षी जानेवारीत फुलमरने त्याला हरवून टायटल घेतलं होतं, आणि रॉबिन्सन तेव्हा पस्तिशीत पोचलेला. फुलमर कसला चिवट गडी, तोपर्यंत कुणी त्याला नॉकआउट केलेलं नव्हतं. रॉबिन्सनने आधी उजव्या हाताने बॉडीवर काम केलं, फुलमरचं लक्ष आणि हात खाली गेला, आणि हूक वरून हनुवटीवर. फुलमरला नंतर काय झालं ते कळलंच नव्हतं. २०१६ ला कनेलोने अमीर खानला सहाव्या राउंडला झोपवला त्यातही तत्त्व हेच, हूल खाली आणि उजवा वरून.

आणि तुझ्या एक-दोनसाठी खास, नाओया इनोउए विरुद्ध पायानो, ऑक्टोबर २०१८. ७० सेकंदांत संपली. इनोउए मिनिटभर नुसता अंतर मोजतो, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि मग जॅब-क्रॉस. बस एवढंच, शिकायला आलेल्या पहिल्या आठवड्यातलं कॉम्बिनेशन. जॅब पायानोच्या डोळ्यांसमोर पडदा होतो आणि त्या पडद्याआडून उजवा येतो. पाय बघ त्याचे, हात नको बघू. जॅबबरोबर किती आत गेला आणि क्रॉसला मागचा पाय किती नीट खाली आहे. ते मिनिटभर नुसतं मोजणं म्हणजेच टायमिंगचं काम चालू होतं.

जडहात:

मी थोडा वेगळा बोलतो, राग मानू नका. पाय-बिय सगळं ठीक, पण ठोशाची ताकद जन्माची असते. आमच्याकडे एक मुलगा होता, स्टान्स वाकडा, पाय एकमेकांत अडकायचे, पण त्याचा उजवा लागला की समोरच्याचे गुडघे वाकायचे. आणि पायाने कविता लिहिणारे कितीतरी बघितले ज्यांनी आयुष्यात एकही नॉकआउट केला नाही. मग हे सगळं पायावर ढकलायचं कशाला.

कोपऱ्यातून_बघणारा:

राग कसला, अर्धं बरोबर आहे तुमचं. काही लोकांचे हात जड असतात हे मी पण पाहिलंय आणि ते शिकवून येत नाही. पण त्या मुलाचा उजवा "लागला की" असं तुम्हीच लिहिलंय. किती वेळा लागायचा? वाकड्या पायांचा जडहाती गडी नवख्यांना पाडतो, जरा हलणारा माणूस समोर आला की त्याचे सगळे ठोसे हवेत. आणि पायाने कविता लिहिणाऱ्यांचं म्हणाल तर त्यातले बरेच जण पाय फक्त निसटायला वापरतात, मारायच्या क्षणी पाय जमिनीत रोवतच नाहीत. फूटवर्क म्हणजे सतत नाचणं नव्हे, योग्य वेळी थांबता येणं हाही त्याचाच भाग, आणि मला विचाराल तर अवघड भाग तोच.

जॅक डेम्प्सी म्हणजे जड हाताचं जुनं उदाहरण, १९१९ ला विलार्डला पहिल्याच राउंडला सात वेळा खाली पाडला, विलार्ड त्याच्यापेक्षा कितीतरी उंच आणि वजनदार. आणि हाच डेम्प्सी ठोसा शिकवताना सुरुवात कुठून करायचा तर पुढचा पाय उचलून अंग पुढे पडू द्यायचं आणि पाय टेकायच्या आत ते पडणारं वजन मुठीतून पोचवायचं, इथून. एवढ्या जड हाताचा माणूस ताकद पायातून सांगतो तर काहीतरी असेल ना त्यात.

जडहात:

विलार्डचं पटलं. तो पडणाऱ्या वजनाचा प्रकार करून बघतो. पण बॅगवर लोक ढकलतात आणि त्यालाच ताकद समजतात हे माझं म्हणणं कायम आहे, बॅग लांब झुलली म्हणजे ठोसा जोरात बसला असं नाही, चांगला ठोसा बसला की बॅग झुलण्याऐवजी जागेवर दुमडते.

डावखुरी:

तिसराठोसा दादा, तू ज्याच्याशी स्पारिंग करतोस तो ऑर्थोडॉक्स आहे का साऊथपॉ, म्हणजे उलटा, उजवा पाय पुढे ठेवणारा, ते लिहिलं नाहीस. मी साऊथपॉ आहे म्हणून विचारते, कारण माझ्यासमोर तुझं हे कॉम्बिनेशन तसंच्या तसं चालणारच नाही.

तुझा डावा पाय आणि माझा उजवा पाय समोरासमोर येतात, एकमेकांना अडतात. सगळे सांगतात की पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर ठेव, आणि ते खरंच आहे, तुझा डावा पाय माझ्या उजव्याच्या बाहेर असला तर तुझा क्रॉस सरळ माझ्या तोंडाच्या रेषेत येतो आणि माझा डावा तुझ्या खांद्याच्या बाजूने निघून जातो. पण मी दोन वर्षं नुसती बाहेरच्या पायाच्या मागे धावले आणि समोरच्या मुली ते ओळखून मी पाऊल टाकायची वाट बघायच्या आणि त्याच पावलावर मारायच्या. मग कळलं की आतला पाय पण कधी कधी हवा असतो. आतून जॅब गार्डच्या मधून जातो, आतून पुढच्या हाताचा हूक लागतो. पायानोची फाइट वरच्यांनी सांगितली, पायानो साऊथपॉच होता ना. त्यामुळे पाय बाहेर का आत हे आधी ठरवण्यापेक्षा कुठला ठोसा पोचवायचाय ते ठरव, पाय त्याप्रमाणे.

अजून एक मला फार उपयोगी पडलेलं. तिन्ही ठोसे एकाच लयीत मारायचे नाहीत. टक-टक-टक मारलेस की समोरच्याच्या डोक्यात ती लय दोन वेळातच बसते, तिसऱ्याला त्याचा हात आधीच कानाशी तयार असतो. मी टक-टक आणि मग अर्धा श्वास थांबून टक मारते. त्या अर्ध्या श्वासात काय होतं, समोरची मागे झुकलेली असते ती आता संपलं म्हणून परत सरळ व्हायला लागते, तिचं डोकं माझ्याकडे येत असतं आणि हात जरा सैल झालेला असतो. तिथे हूक. पण हे थांबणं जमायला पाय खाली पाहिजेत, तोल गेलेला असेल तर थांबताच येत नाही, तोल सावरायला म्हणून पुढचा ठोसा घाईने सुटतो. मला वाटतं तुझा हूक म्हणूनच घाईत सुटतोय, तुला मारायचा असतो म्हणून नाही, तू पडत असतोस म्हणून.

डबल एंड बॅगवर सराव कर, ती दोन दोऱ्यांमध्ये लटकलेली छोटी बॅग. ती परत येते तेव्हाच लागते, आपल्या मनाच्या वेळेला मारलं की चुकते. मोठ्या बॅगवर पण झुलवून, ती आपल्याकडे परत येताना मारून बघ, हलका ठोसा पण मनगटापर्यंत जाणवेल. मनगट सरळ ठेव मात्र, नाहीतर दुखावेल.

जुन्या_फायटी:

ताई, तो अर्धा श्वास एकदम पटला, "पडत असतोस म्हणून" हे तर मी लिहून ठेवलं.

मागे सरकून मारायचं एक राहिलं म्हणून परत आलो. ८ डिसेंबर २००७, मेवेदर-हॅटन, दहावा राउंड. हॅटन सरळ झेपावत आत येतो, मेवेदर डावा हूक मारता मारता डाव्या पायावर फिरून वाटेतून बाजूला होतो, आणि हॅटन स्वतःच्या वेगाने जाऊन कोपऱ्यातल्या खांबावर डोकं आपटतो आणि खाली. यात मेवेदरने एक पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाही. हूक आणि पाय वेगळे असे नाहीतच त्यात, फिरणं हाच ठोसा. तिसराठोसा, तुझा हूक चुकल्यावर तू गरकन फिरतोस ना, तेच फिरणं ताब्यात असलं तर असं दिसतं.

आणि अली-फोरमन, किन्शासा, १९७४, आठवा राउंड. अली दोरावरून सुटतो, डाव्याने फोरमनचं डोकं वर आणतो आणि उजवा सरळ. फोरमन गोल फिरत पडतो आणि अलीचा उजवा परत तयार असतो पण तो मारत नाही. ते मला दर वेळी बघताना भारी वाटतं, एवढं सगळं चालू असताना त्याचे पाय त्याच्या खाली आहेत म्हणून त्याला न मारणंही जमलं.

मानेचा_डॉक्टर:

मी फिजिओ आहे, बॉक्सर लोकांबरोबर काम करतो, आयडी नुसता गमतीत घेतला होता. नॉकआउट का होतो ते थोडं सांगतो कारण त्याशिवाय टायमिंगचा मुद्दा अर्धा राहील.

हनुवटीच्या टोकावर बाजूने ठोसा बसला की डोकं झटकन फिरतं, हनुवटी म्हणजे लांब दांडा आणि मान हा त्याचा खुंटा. कवटी फिरते पण आतला मेंदू मऊ आहे, तो तेवढ्याच झटक्यात फिरत नाही, त्याला पीळ बसतो. शुद्ध जाते ती प्रामुख्याने या फिरण्याच्या झटक्यामुळे, म्हणून कपाळावर बसलेला खूप जोराचा ठोसा माणूस सहन करतो आणि हनुवटीवरचा त्याहून हलका करू शकत नाही. आता ठोसा येताना दिसला तर माणूस नकळत मान आवळतो, दात दाबतो, खांदा वर घेतो, म्हणजे डोकं धडाला जोडलं जातं आणि झटका कमी होतो. न दिसलेल्या ठोशाला मान सैल असते. हूल, पडदा, लय तोडणं, हे सगळं शेवटी समोरच्याची मान सैल असताना पोचण्यासाठी आहे.

लिव्हरचं वेगळं. लिव्हर उजवीकडे फासळ्यांखाली असतं, म्हणून ऑर्थोडॉक्सचा डावा बॉडी हूक तिथे पोचतो. तिथे बसला की माणूस पूर्ण शुद्धीत असतो पण पाय साथ देत नाहीत, आणि बऱ्याचदा एक क्षण जातो आणि मग कोसळतो. २००४ ला हॉपकिन्सने दे ला होयाला नवव्या राउंडला असंच संपवलं.

आता खरं सांगायचंय ते. हे सगळं बॅगवर आणि पॅडवर शिका, स्पारिंग पार्टनरच्या डोक्यावर नको. हेडगिअरमुळे चिरा आणि सूज कमी होते, आतला मेंदू फिरायचा थांबत नाही. टायमिंग शिकायला जोर लागतच नाही, हळू स्पारिंग करा, नुसता स्पर्श करायचा, बरोबर वेळी स्पर्श झाला म्हणजे जमलं. आणि ठोसा खाल्ल्यावर डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, आठवणीत खंड, झोपेत फरक, यातलं काहीही जाणवलं तर त्या दिवशीचं स्पारिंग तिथेच बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं, ते सांगेपर्यंत डोक्यावर परत ठोसा नाही. शुद्ध गेली नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं. एका झटक्यातून मेंदू बरा व्हायच्या आत त्यावर दुसरा झटका हे सगळ्यात वाईट. माझ्याकडे येणारी मुलं हे लपवतात, कारण फाइट जवळ असते. कृपा करून लपवू नका.

तिसराठोसा:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिला आठवडा हूक मारलाच नाही. खडूच्या रेघा, एक-दोन, थांबणं. पहिल्या दिवशी माझ्या भावाने एका बोटाने ढकललं आणि मी पुढे गेलो, एका बोटाने! पाय घासत आणायला लागलो तर चौथ्या-पाचव्या दिवशी क्रॉसचाच आवाज बदलला, मी हूक दुरुस्त करायला निघालो होतो आणि आधी क्रॉस सुधारला. सरांना न सांगता पॅडवर मारला तर त्यांनी पॅड खाली घेऊन नुसतं बघितलं माझ्याकडे.

ताई, माझा पार्टनर ऑर्थोडॉक्सच आहे, लिहायचं राहिलं. अर्धा श्वास थांबायचं प्रकरण मात्र फार अवघड आहे, बॅगवर जमतं, माणूस समोर असला की थांबायची भीती वाटते कारण त्या अर्ध्या श्वासात तोच मारेल असं वाटतं. हळू स्पारिंगमध्ये काल दोनदा जमलं. दुसऱ्यांदा त्याचं डोकं परत येताना मी बघितलं, खरंच बघितलं, आणि ग्लोव्ह हलकेच त्याच्या हनुवटीला लागला. तो थांबून म्हणाला हा कुठून आला.

एक नवीन अडचण, हूक मारताना माझा उजवा हात गालावरून खाली येतो. हे पण पायाचंच का?

कोपऱ्यातून_बघणारा:

नाही, हे हाताचंच. क्रॉस परत आणताना तू छातीपर्यंतच आणतोयस, गालापर्यंत आणत नाहीस. उजव्या गालाखाली टेनिसचा बॉल धर, हनुवटी आणि ग्लोव्हच्या मधे, आणि नुसते हूक मार, बॉल पडला की थांबून परत पहिल्यापासून. आणि पार्टनर "कुठून आला" म्हणाला ना, आता पुढच्या वेळी त्याला माहीत असेल, त्यामुळे तिथे परत हूक शोधू नकोस, तिथे हुकाची हूल दे आणि उजवा बॉडीवर बघ.

डावखुरी:

भीतीचं लिहिलंस ते बरं केलंस, मला पण वाटायची. थांबताना जागेवर थांबू नकोस, डोकं क्रॉसच्या रेषेतून थोडं डावीकडे काढून थांब, वजन डाव्या पायावर बसलेलंच असतं. त्याने मारला तर उजव्या कानाजवळून जाईल आणि तू हूकसाठी आणखी दाबला गेलेला असशील. जमलं की लिही इथे.